दोनशे चाळीस घरं आणि एक बिऱ्हाड

वन्य प्राणी कोणाला म्हणावं याबद्दल विद्वानांत मतभेद असतील, शासनात नाहीत. ज्याला पत्ता नाही तो वन्य. व्याख्या मोठी सुटसुटीत आहे. तिच्यात कोल्हा बसतो, साळिंदर बसतं, आणि घरवाटपाच्या यादीत नाव लागेपर्यंत भावाच्या माडीवर बायकोमुलांसह राहणारे दा बूसादसुद्धा बरीच वर्षं तिच्यात बसत होते. (आल्जीरियातल्या आमच्या कबीली डोंगरात वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी ‘दा’ लावतात आणि बाईच्या नावाआधी ‘ना’. ज्यांच्या नावाआधी काहीच लावत नाहीत ते एक तर तरुण असतात किंवा निवडून आलेले.) मग यादी लागली, किल्ली मिळाली, आणि दा बूसाद एका दुपारीत वन्यचे नागरी झाले.

त्यांना घर मिळालं ती वसाहत ताला-उझ्रू गावाच्या वरच्या अंगाला आहे, जिथे डांबर संपतं आणि पाइनची झाडं सुरू होतात. वसाहतीचं नाव ‘दोनशे चाळीस घरं’. नाव द्यायचं खात्याच्या मनात होतं, पण तोवर सगळ्या हुतात्म्यांची नावं शाळांना आणि चौकांना देऊन संपली होती. त्यामुळे घरं मोजली आणि तेच नाव ठेवलं. दा बूसादांना हे फार आवडलं. ते वजनमापं तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. मोजलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास असे. उभ्या नोकरीत त्यांनी खोटं माप खपवून घेतलं नव्हतं. बाजारात त्यांची चाहूल लागली की तराजू आपोआप सरळ होत, असं म्हणतात. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन. हा लौकिक पुढे फार उपयोगी पडला, पण ते पुढे.

आमच्या वसाहतीत दोन गोष्टी अतिशय नियमित होत्या. एक म्हणजे कचऱ्याची गाडी न येणं. दुसरी म्हणजे पावाचा मान. आमच्याकडे कचरा कुठेही टाकतात, पण पाव कचऱ्यात टाकत नाहीत; ते पाप आहे. त्याचबरोबर घरातल्या माणसांना पुरेल इतकाच पाव विकत घेणं हा कंजूषपणा आहे. या दोन सद्गुणांच्या मधोमध रोज बराच पाव उरतो. तो पिशवीत भरून कचराकुंडीशेजारच्या कठड्याला टांगतात. वरच्या वाडीतला एक शेळकरी गाढव घेऊन यायचा आणि पिशव्या उतरवून शेळ्यांसाठी न्यायचा. पुढे त्याने शेळ्या विकल्या आणि मुलाकडे फ्रान्सला निघून गेला. सगळ्यांनी त्याला निरोप दिला, दोन बायका रडल्याही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा पिशव्या टांगल्या.

अशा रीतीने वसाहतीत रोज संध्याकाळी पंगत मांडलेली असे आणि जेवायला कोणी नसे. निसर्गाला हे फार दिवस बघवत नाही.

पहिली भेट दा बूसादांनाच घडली. सूर्य मावळतीला होता. ते बेकरीतून दोन लांब पाव काखेत घेऊन येत होते. तिसऱ्या इमारतीच्या वळणावर, उभ्या गाड्यांच्या फटीतून एक रानडुकरीण बाहेर आली. तिच्यामागे सहा पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, एका रांगेत. दा बूसादांनी सवयीने अंदाज घेतला: नव्वद किलो, किलो-दोन किलो इकडेतिकडे. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आणि हे नव्वद किलो यांच्यामध्ये काहीच नाही. अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो ते त्यांनी केलं. त्यांनी सलाम केला.

तिने उत्तर दिलं नाही. नाक वर करून वास घेतला आणि एक पाऊल पुढे आली. दा बूसादांनी एक पाव खाली ठेवला. पहिला पाव त्यांनी दिला. दुसरा तिने घेतला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं की बेकरीतला पाव संपला होता. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं माप. बायको ना दहबिया दुपारचा कुसकुस गरम करत होती. ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून नुकतीच आत आलेली होती. तिने पातेल्यावरून नजर न काढता विचारलं,

“बेकरीवाल्याला पिल्लं किती?”

“सहा,” दा बूसाद म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्यानंतर ते बिऱ्हाड रोज येऊ लागलं. आधी संध्याकाळी, मग संध्याकाळी आणि पहाटे, आणि मग ज्याला नोकरी नाही अशा कुणाहीप्रमाणे, कधीही. पिशव्या खालून ओढायच्या, पाव खायचा, मग कुंडी आडवी करायची आणि उरलेल्याचा हिशेब बघायचा. लोकांना मौज वाटली. पोरांनी व्हिडिओ काढले. कासव, शेळी, चुलतभाऊ असं जे जे काही आपल्या गावात आहे ते फ्रान्समधल्या नातेवाइकांना पाठवायची आमच्याकडे पद्धत आहे, तसे ते पाठवले. नातेवाइकांनी कळवलं की तिकडे हे मांस महाग असतं. या माहितीचा कुणाला उपयोग नव्हता. मुसलमानांच्या वस्तीत हा प्राणी म्हणजे पोटाच्या किंवा मनाच्या, कोणत्याही बाजूने अडचणच. मारला तर खाता येत नाही. पाळावा तर नाव घेता येत नाही.

मौज संपली ती सलीहामुळे. सलीहा तळमजल्यावर राहते. सरकारी इस्पितळात नर्स आहे. सकाळच्या पहिल्या बसला जायला ती अंधारातच निघते, आणि बसथांब्यापर्यंत एकही दिवा नाही. एका पहाटे ती चालत चालत नेमकी आई आणि पिल्लं यांच्या मधे आली. डुकरीण धावून आली, सलीहा पडली, मनगट मोडलं. ज्या इस्पितळात ती प्लास्टर घालायला मदत करायची, तिथेच तिला प्लास्टर घातलं गेलं.

आठवड्याभराने वसाहतीची सभा भरली. जागा: तिसऱ्या इमारतीचा जिना. लोक पायऱ्यांवर बसले. दा बूसाद उशिरा आले, त्यांना बसायला पायरी मिळाली नाही, ते उभेच राहिले. सभेत उभा असलेला माणूस म्हणजे अध्यक्ष, हे ओघानेच आलं. त्यांची एकमताने निवड झाली, आणि पाच जणांच्या समितीचीही.

चर्चा अत्यंत उच्च दर्जाची झाली. प्राण्याचं नाव इमामांच्या उपस्थितीत घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणून सगळे ‘संबंधित कुटुंब’ म्हणू लागले. खालच्या चौकातला कॅफेवाला उराम्दान सर्वात आधी बोलला. त्याचं म्हणणं, गोळी घाला. त्याचं दुःख खरं होतं: अंधार पडायच्या आत सगळे घरी परतू लागल्यामुळे त्याच्याकडे डॉमिनो खेळायला चौथा गडी मिळत नव्हता. कोणी म्हणालं, न्हाव्याकडचे केस आणून पसरा, माणसाच्या केसांना हे कुटुंब भितं. (पसरले. कुटुंब त्यावर झोपलं.) कोणी म्हणालं, मिरपूड. (पिल्लं शिंकली. त्याचाही व्हिडिओ झाला.) कोणी म्हणालं, कुत्रा आणू. कुत्रा आणला; तो तीन दिवस भुंकला, चौथ्या दिवशी पिल्लांच्या रांगेत सातवा होऊन चालू लागला.

शेवटी सलीहा बोलली. हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, “मला कुणाला मारायचं नाही. मला बसथांब्यापर्यंत दिवे हवेत. आणि कुंडीला झाकण.”

मग दा बूसादांनी अध्यक्ष या नात्याने नमूद केलं की मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु आजच्या विषयाशी संबंधित नाही. याचं त्यांना त्या क्षणी काही वाटलं नाही. रात्री अंथरुणावर वाटलं, असं ना दहबिया सांगते.

दुसऱ्या दिवसापासून अध्यक्षांचे कचेरीचे खेटे सुरू झाले. दा बूसादांनी ठेवणीतला कोट काढला. नगरपालिकेत त्यांना सन्मानाने बसवलं आणि सांगितलं की पालिकेची कार्यकक्षा चार पायांपैकी फक्त कुत्र्यांपुरती आहे. सुळे असलेला प्राणी वनखात्याचा. वनखात्यात तीताह नावाचे अधिकारी होते, गणवेशातले, भले गृहस्थ. त्यांनी कॉफी मागवली, भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि शेवटचं पाइनचं झाड दाखवलं.

“इथपर्यंत ती आमची,” तीताह म्हणाले. “इथून खाली उतरली की ती डांबरावर येते. डांबर बांधकाम खात्याचं.”

दा बूसादांनी विचारलं की एका नर्सचा हात मोडला, तो कुठे मोडला असं धरायचं.

“फुटपाथवर ना? मग पालिका. साहेब, मी टाळत नाहीये. पण जंगल सोडून आलेल्या प्राण्याला वन्य म्हणायचं कसं? उद्या मी गणवेश काढून बाजारात गेलो तर मला कोणी अधिकारी म्हणतं का?” मग ते जरा पुढे झुकले. “एक विचारू? तिला खायला कोण घालतं?”

“कोणी नाही,” दा बूसाद म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “टांगलेलं असतं.”

पालिकेने वनखात्याकडे, वनखात्याने बांधकामाकडे आणि बांधकामाने पुन्हा पालिकेकडे बोट दाखवण्यात पूर्ण उन्हाळा गेला. या काळात प्रशासन हलत नव्हतं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ते सतत हलत होतं. दा बूसादांचे बूट झिजले ते उगीच नव्हे.

आणि या उन्हाळ्यात वसाहतीत काही गोष्टी घडल्या, ज्यांची नोंद कोणत्याही खात्याने घेतली नाही. नवरे मावळतीला घरी येऊ लागले. सुरुवातीला घरात काय करायचं ते त्यांना कळेना. मग काहींना मुलं कितवीत आहेत ते समजलं, एकाने नळ दुरुस्त केला. भिंतीला पाठ लावून उभी राहणारी तरुण मंडळी (या मंडळींनी भिंत धरून ठेवली नसती तर ती पडली असती असा आमच्या देशात समज आहे) भिंत सोडून वर गेली. भिंत पडली नाही. वीजमापक वाचायला येणारा माणूस वरच्या वळणावरूनच परत फिरू लागला. गाड्यांच्या काचा फोडून रेडिओ चोरणं बंद झालं. न कळवता जेवायला टपकणारे पाहुणे कळवू लागले, आणि कळवल्यावर नको म्हणता येऊ लागलं. बायकांचं मत हळूहळू बदलत होतं. ते कोणी विचारलं नव्हतं, पण ते बदलत होतं.

ना दहबियाने आपलं मत एका संध्याकाळी बाल्कनीत चटई झटकताना दिलं. खाली बिऱ्हाड चाललं होतं. “तिची सहा आहेत, आणि सगळी रांगेत चालतात,” ती म्हणाली. “तुमच्या समितीत पाच माणसं आहेत.”

दा बूसादांनी कठड्यावरून खाली पाहिलं. ते मोजत होते. सहा होती.

शरद ऋतू लागला आणि अचानक परवानगी आली. का आली हे कोणालाच कळलं नाही. उराम्दानचा मेहुणा कुठे तरी काही तरी आहे, एवढंच बोललं गेलं. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, अधिकृत हाका घालायचा, म्हणजे डबे वाजवून प्राण्याला शिकाऱ्यांच्या पुढ्यात हाकायचं. नव्वदच्या दशकातल्या यादवीच्या त्या वाईट वर्षांत आमच्याकडच्या लोकांच्या बंदुका सरकारने जमा करून घेतल्या होत्या. त्यातल्या काही अलीकडे परत मिळाल्या, गंज धरून. त्या घेऊन मूठभर शिकारी आले. त्यांच्यासोबत सँडविचं होती, फक्कड शिकारी टोप्या होत्या, आणि ‘मेलेला प्राणी उचलायचा कोणी’ हा प्रश्न होता. त्याला हात लावायला कोणीच तयार नव्हतं. बऱ्याच वादानंतर ठरलं की प्राण्याला अशा बेताने मारावं की तो हद्दीपलीकडे पडेल.

वसाहतीतले पुरुष हाकारे झाले. बायकांनी वाजवायला भांडी दिली. चांगली दिली नाहीत. दा बूसादांना अध्यक्ष म्हणून शिट्टी मिळाली आणि तिसऱ्या इमारतीच्या दाराशी उभं केलं. प्राणी दिसला की शिट्टी वाजवायची, एवढंच काम. सोपं होतं.

वरच्या पाइनमध्ये डबे वाजू लागले. आरोळ्या उठल्या. आणि कोणत्याही योजनेत लिहिलेलं नव्हतं त्या दिशेने, म्हणजे सरळ खाली, घरांकडे, डुकरीण आली. जंगलात गोंगाट आहे, वस्तीत शांतता आहे. शहाण्या आईने जावं तिथेच ती चालली होती. वाहनतळ ओलांडला, आणि थेट तिसऱ्या इमारतीच्या दाराशी. तिथे ना दहबिया जिना धुवत होती आणि पाणी निघून जावं म्हणून तळघराचं दार सताड उघडं होतं. डुकरीण आत गेली. एकामागून एक पाच पिल्लं आत गेली.

सहावं, सगळ्यांत रोडकं, राहिलं. दाराच्या उंबऱ्याची पायरी जरा उंच, ओली, साबणाची. ते चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. आतून आईचा आवाज येत होता. वळणापलीकडून माणसांचा येत होता.

दा बूसादांनी शिट्टी ओठांत धरली. ना दहबियाने हातातला झाडू थांबवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर त्यांना वाद घालता आला असता.

त्यांनी शिट्टी सोडली, खाली वाकले, ज्याचं नाव सभेत घेतलं नव्हतं त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि आत ठेवलं. साडेबारा किलो, हातांनी आपोआप सांगितलं. अंग गरम, काळीज नुसतं धडधडत होतं. पिल्लाचं की आपलं, हे मात्र हातांना सांगता आलं नाही. ना दहबियाने दार लोटलं, त्यावर ओली चटई टाकली आणि पुन्हा झाडायला लागली.

शिकारी धापा टाकत आले. पुढे उराम्दान. “दा बूसाद, कुठे गेली?”

सगळे थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तीस-पस्तीस वर्षं एका माणसाने गावासमोर तराजू धरलेला असला की गाव असंच बघतं. दा बूसादांनी हात उचलला आणि ओढ्याकडे बोट केलं.

कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळे ओढ्याकडे धावले.

तिथे झुडपाआड काही तरी फिक्या रंगाचं हललं म्हणतात. सगळ्या बंदुका एकदमच उडाल्या, ज्या उडाल्या त्या. शिकार जागीच ठार झाली. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा ती उराम्दानची मालवाहू गाडी निघाली. शिकाऱ्यांचं जेवण उन्हात नासू नये म्हणून त्याने ती स्वतःच सावलीत लावली होती. हललं होतं ते दारावर वाळत घातलेलं त्याचं जाकीट. उराम्दान गाडीभोवती तीनदा फिरला आणि मग दगडावर बसला. कोणीतरी त्याला सँडविच दिलं. त्याने ते खाल्लं, कारण अशा वेळी माणूस दुसरं काय करणार.

दा बूसादांनी घरी येऊन हात धुतले. असे हात किती वेळा धुवायचे, हे इमामांना विचारायचा त्यांना धीर झाला नाही. ना दहबियाने साबण पुढे केला तेवढाच. दिवेलागणीला तिने तळघराचं दार उघडलं आणि दोघं जिन्यात उभी राहिली. बिऱ्हाड रांगेने बाहेर पडलं आणि पाइनकडे निघून गेलं. तळघरात उराम्दानने कॅफेसाठी साठवलेले हिवाळ्याचे बटाटे होते. होते.

अधिकृत अहवाल लवकर आला. यश लवकर कळवायचं असतं. त्यात हाका यशस्वी झाला असून वसाहत वन्यप्राणिमुक्त घोषित करण्यात येत आहे असं नमूद होतं. या घोषणेचे परिणाम दूरगामी झाले. बिऱ्हाड चार दिवसांनी परत आलं, पण आता ते तिथे नव्हतं. कोणी तक्रार केली तर पालिकेतून शांतपणे विचारणा होई की जे प्राणी नाहीत ते तुम्हाला नेमके कधीपासून दिसतात, आणि झोप कशी लागते. प्राणी नसल्यामुळे दिव्यांचीही गरज उरली नाही; दिव्यांसाठी मंजूर झालेले खांब दुसरीकडे गेले. (मंजूर झाले होते, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.)

सलीहाचं प्लास्टर निघालं आणि ती कामावर रुजू झाली. पहिल्या सकाळी ती दाराबाहेर आली तर अंधारात दा बूसाद उभे. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी, काखेत पाव. त्या दिवशी सभेत तिचा मुद्दा विषयाबाहेर ढकलला, हे त्यांनी तिला बोलून दाखवलं नाही. थंडी आहे, एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते रोज तिला बसथांब्यापर्यंत सोडतात. वाटेत संबंधित कुटुंब भेटलं तर पाव खाली ठेवतात आणि दोघं थांबतात, ते गेलं की पुढे निघतात. बस चुकत नाही. अध्यक्षपदाच्या संपूर्ण कारकिर्दीत मार्गी लागलेलं हे एकच काम, आणि त्याला ठराव लागला नाही.

पुढच्या वसंतात पाइनमध्ये यंत्रं आली. दोन आठवड्यांत उतार बोडका झाला. तिथे नवी वसाहत होणार होती. नाव अर्थातच ‘एकशे ऐंशी घरं’. डुकरीण आणि तिची आता दांडगी झालेली पोरं एके दिवशी ओढा ओलांडून पलीकडच्या डोंगरात गेली. दा बूसाद त्या संध्याकाळी पाव घेऊन वळणावर बराच वेळ उभे होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की बेकरीत आज पाव भरपूर होता. ना दहबियाने दोन्ही पाव त्यांच्या काखेतून काढून घेतले आणि म्हणाली, हातपाय धुवा, कुसकुस निवतोय.

नवी माणसं राहायला आली. तीही वर्षानुवर्षं कोणाच्या तरी माडीवर, कोणाच्या तरी पडवीत राहिलेली. किल्ली हातात घेऊन रडणारी. वरून उतरून आमच्या चौकात यायची, आमच्या बसमध्ये बसायची, आमच्या बेकरीसमोर रांग लावायची. आमच्या वसाहतीला हे मानवेना. पुन्हा जिन्यात सभा भरली. उराम्दान म्हणाला, वरून येतात, कसली भीती नाही, कसला धरबंध नाही. कोणी म्हणालं, पोरं किती एकेकाला. कोणी म्हणालं, येतात आणि सगळं उकरून टाकतात. कोणी म्हणालं, अंधार पडल्यावर बाहेर निघायची सोय राहिली नाही. काही तरी बंदोबस्त व्हायलाच हवा, यावर एकमत झालं.

ना दहबिया वरून पाण्याची बादली घेऊन उतरत होती. थांबली, ऐकलं, आणि तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “तुम्ही कोणाबद्दल बोलताय?”

दा बूसादांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, म्हणजे पायरीवर बसले. त्यांच्या जागी आता दुसरं कोणी तरी उभं आहे, आणि समितीचं काम जोमाने चालू आहे.

वाचकाला आमचं हसू आलं असेल, यावं. आपण सुखरूप घरी बसून हे वाचताय. खिडकीबाहेर थोडी मोकळी जागा असेल, पलीकडे आणखी एक इमारत उठत असेल, तिच्यात येणाऱ्या लोकांविषयी आपल्या सोसायटीत काही बोलणंही झालं असेल. आपली इमारत उठली तेव्हाही त्या जागेवर कोणी तरी राहत होतंच. आपल्या येण्याविषयी त्यांचीही सभा भरली होती, आणि तीही एकमताने झाली. तिचं इतिवृत्त तेवढं उपलब्ध नाही, कारण त्यांच्यात कोणाला लिहिता येत नव्हतं.